शंका उमटली नाही

उज्ज्वला मगदूम खुर्चीत बसली की आधी कपाळाला पट्टा बांधायची. रिबिनीसारखा पातळ, आतून मऊ, दोन्ही कानांमागे चिकटणारा. ऑफिसातली पोरं त्याला मुंडावळ्या म्हणायची. "मॅडम, मुंडावळ्या बांधल्या का? मग पडू द्या अक्षता," असं रोज कुणीतरी म्हणायचं आणि उज्ज्वला रोज हसायची. तिच्या खुर्चीचं नाव होतं साक्षी संपादक. बोरगुंडीसारख्या तालुक्याच्या गावात या पदाला मान होता. भाजी घ्यायला गेली तरी लोक "मॅडम, आज काय विशेष?" म्हणून विचारायचे.

'पहाटवारा' हे गावातलं जुनं दैनिक. उज्ज्वलानं ऐन विशीत तिथं बातमीदार म्हणून सुरुवात केली होती. स्कूटीवरून गावोगाव हिंडली, सरपंचांच्या शिव्या खाल्ल्या, एका पतसंस्थेचा घोटाळा बाहेर काढला. पुढं दैनिक एका मोठ्या माध्यम कंपनीनं विकत घेतलं. मग लेखनयंत्र आलं. दवाखान्यांच्या नोंदी, पोलिसांच्या डायऱ्या, रस्त्यावरचे कॅमेरे, बाजारातली आवक, लोक फोनवर काय शोधतात ते, सगळं ते यंत्र एकाच वेळी चाळायचं आणि बातमी लिहायचं. शुद्ध मराठीत, एकही वेलांटी न चुकवता. बातमीदार एकेक करून घरी गेले. उज्ज्वला राहिली, कारण मध्येच कायदा आला.

त्याचं असं झालं होतं. यंत्रानं लिहिलेल्या बातम्यांमुळं भलतीच माणसं आयुष्यातून उठायला लागली, आणि कोर्टात प्रत्येकजण हात वर करायला लागला. मालक म्हणायचा, यंत्रानं लिहिलं. यंत्र बनवणारा म्हणायचा, मालकानं छापलं. शेवटी सरकारनं ठरवलं, की ज्या बातमीत माणसाचं किंवा धंद्याचं नाव घेऊन दोष दिलाय, ती छापण्याआधी एका जिवंत, जाणत्या माणसानं मन लावून वाचलीच पाहिजे. आता मन लावून वाचली हे सिद्ध कसं करायचं? तिथं तो पट्टा कामाला आला.

मेंदूची एक सवय शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. "त्यानं चहात साखर घातली" हे वाक्य आपण सरळ वाचतो. "त्यानं चहात चप्पल घातली" म्हटलं, की शेवटाकडं मेंदू अडखळतो. चालताना पायाला ठेच लागावी तसा. त्या ठेचेची विजेची बारीक लाट उठते, अर्ध्या सेकंदाच्या आत, आपल्याला काही कळायच्याही आधी. पूर्वी ही लाट पकडायला डोक्याला जाळी बांधून तेच तेच शंभरदा वाचायला लावायचे. नव्या पट्ट्याला एकच वाचन पुरायचं. नाव ओळखीचं निघालं तर उठणारी लाट वेगळी, वाईट वाचून दचकलं तर वेगळी, आणि 'हे काही पटत नाही' म्हणून उठणारी वेगळी, हेही तो ओळखायचा. तुम्ही काय विचार करताय ते त्याला कळत नसे. अडखळलात का, एवढंच कळे. अडखळलात तर पडद्यावर तांबडी खूण यायची आणि बातमी माणसाकडून खातरजमा करून घ्यायला परत जायची. नाही अडखळलात तर हिरवी. मग साक्षीनं बोट टेकवायचं आणि बातमीखाली तिचं नाव उमटायचं. हिरवी खूण असूनही साक्षीला बातमी अडवता यायची. कायद्यानं तेवढा अधिकार ठेवला होता. तो वापरला, की विभागीय व्यवस्थापक अभिराम गुळवणी यांचा फोन यायचा. "मॅडम, काही खास कारण?" आवाज एकदम मऊ. त्यामुळं तो अधिकार फारसा कुणी वापरत नसे.

त्या उन्हाळ्यात बोरगुंडीत गॅस्ट्रोची साथ आली. कोष्टी गल्ली आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत घरटी एक माणूस जुलाब-उलट्यांनी आडवा झाला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाइनं लावली. दोन वर्षांचं एक मूल दगावलं, आणि गाव पेटायच्या बेताला आलं. दोष कुणाचा, एवढंच लोकांना हवं होतं.

यंत्रानं बातमी लिहिली. 'जारच्या पाण्यातून साथ. निर्मळ वॉटरचे मालक मुनीर शिकलगार यांच्याकडे संशयाची सुई.' खाली नकाशा. जिथं जिथं रुग्ण, तिथं तिथं निर्मळ वॉटरचे जार. ठिपक्यावर ठिपका बसत होता.

उज्ज्वलानं नाव वाचलं आणि ती चमकली. मुनीरभाई! सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हा माणूस स्वतः जार खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचा. प्लँट सुरू केला तेव्हा फीत कापायला त्यानं आमदाराला बोलावलं नव्हतं, तिला बोलावलं होतं. ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि दिवाळीला तोच डबा चकल्या भरून परत जायचा. असं कसं झालं मुनीरभाई, असं तिच्या मनात आलं. फोन करावा, असंही आलं. पण पडद्यावर खूण हिरवी होती, त्या मुलाच्या आईचा फोटो शेजारी होता, आणि ओळखीचा म्हणून बातमी दाबली असं उद्या कुणी म्हणायला नको. तिनं बोट टेकवलं.

दुपार कलायच्या आत जमाव प्लँटवर गेला. शुद्धीकरणाच्या टाक्या फोडल्या, टेम्पो पेटवला. मुनीरचा धाकटा भाऊ इलियास आडवा गेला, तर त्याला लोखंडी पाइपानं मारलं. त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला, म्हणजे आहे तसा आहे, पण उचलत नाही. पोलीस आले आणि त्यांनी प्लँटला सील ठोकलं. कोणी फोडला याची विचारपूस नंतर, सावकाश सुरू झाली.

पाण्याचे अहवाल आले. निर्मळ वॉटरच्या जारमध्ये काहीही नव्हतं. नगरपालिकेची जुनी पाइपलाइन नाल्याच्या पुलाखाली फुटली होती आणि गटाराचं पाणी थेट नळाला येत होतं. मग जार आणि रुग्ण एकाच ठिकाणी कसे? कारण साधं होतं. लोक आजारी पडायला लागल्याचं कळल्याबरोबर मुनीरनं त्या दोन्ही वस्त्यांत फुकट जार पाठवायला सुरुवात केली होती. नळाचं पिऊ नका, हे प्या, म्हणून. माणूस आज आजारी पडतो, दोन दिवस घरीच काढे पितो, मग दवाखान्याच्या नोंदीत येतो. जार पोचल्याची नोंद मात्र दारात उतरवल्या क्षणी होते. यंत्राला दिसलं ते असं, की आधी जार गेले, मग माणसं आजारी पडली.

'पहाटवारा'नं आतल्या पानावर खुलासा छापला. तोही यंत्रानंच लिहिला होता. 'काही अंशी विसंगत निष्कर्ष' असं त्यात होतं. तो वाचताना उज्ज्वलाच्या कपाळावर पट्टा होताच, आणि खूण हिरवी आली.

त्या आठवड्यात ती मुनीरच्या घरी गेली. मुनीरनं खुर्ची पुढं केली. इलियास आतल्या खोलीत झोपला होता. त्याची बायको दारातून एकदा डोकावली आणि आत गेली.

"मुनीरभाई, मला..." उज्ज्वलाला रडू फुटलं.

"ताई, तुम्ही कशाला रडताय?" मुनीर म्हणाला. "मशीननं लिहिलं. मशीनला काय ठाऊक, कोण माणूस कसा हाय. तुम्हाला शंका आली असणार, पण वरून दाबत असतील. मी इलियासलाबी तेच सांगितलं. म्हटलं, ताईंच्या हातात असतं तर त्यांनी हे छापून दिलं नसतं."

"आली होती शंका," उज्ज्वला म्हणाली. बोलता बोलता तिला ते आठवलंही. नाव वाचून ती चमकली होती. फोन करावासा वाटला होता. म्हणजे शंकाच ती! "मला पटलंच नव्हतं, मुनीरभाई. पण खूण हिरवी आली, आणि अडवलं की गुळवणींचा फोन येतो. आम्हाला तसंच वळण लावलंय."

"मग हे कोर्टात सांगाल?" मुनीरनं विचारलं. "मी कंपनीवर दावा लावतोय. कांबळे वकील म्हणतात, आतलं माणूस बोललं तरच कंपनी सापडंल. पण तुमची नोकरी जाईल, ताई. तुम्ही नाही म्हणालात तरी मी काही मनात धरणार नाही."

"सांगेन," उज्ज्वला म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं.

ती साक्ष देणार हे कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कंपनीच्या वकील रेवती सबनीस मुद्दाम बोरगुंडीला आल्या. वयानं उज्ज्वलाहून लहान, बोलायला सरळ.

"मगदूम मॅडम, एक सांगते. धमकी समजू नका," त्या म्हणाल्या. "पट्ट्याची नोंद कायद्यानं सीलबंद असते. तुमच्या मनात काय झालं हे उघडायचा अधिकार आम्हाला नाही, न्यायाधीशांनाही नाही. पण साक्षीदार स्वतःच म्हणाला, की माझ्या मनात अमुक आलं होतं, की सील उघडतं. तुम्ही कामाच्या ताणाबद्दल बोला, गुळवणींच्या फोनबद्दल बोला. मनाबद्दल बोलू नका."

"मला शंका आली होती, हेच तर सांगायचंय," उज्ज्वला म्हणाली.

"तुम्ही नोंद पाहिली आहे?"

"मला पाहायची गरज नाही. मन माझं आहे."

सबनीसबाईंनी कागद गोळा केले. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

घरी नवऱ्यानं, श्रीधरनं, तिला पाठिंबा दिला. "आपण आयुष्यभर असल्या गोष्टी पाळल्या नाहीत," तो म्हणाला. "जात नाही, धर्म नाही. आपल्या घरात जारवाला थेट स्वयंपाकघरात यायचा. घाबरतेस काय?"

ती घाबरत नव्हतीच.

जिल्ह्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. साक्षी संपादकानं कंपनीविरुद्ध उभं राहायची ही पहिलीच वेळ, म्हणून इतर दैनिकांचे लोकही आले होते. कांबळे वकिलांनी तिला नीट, एकेक पायरी चढवत विचारलं. काम किती, फोन कोणाचे, अडवलं तर काय होतं. शेवटी विचारलं, "बातमी वाचताना तुमच्या मनात काय आलं?"

"मला ती पटली नाही," उज्ज्वला ठाम आवाजात म्हणाली. "मुनीर शिकलगार यांना मी पंधरा-वीस वर्षं ओळखते. मला शंका आली होती."

मागच्या बाकावर मुनीर बसला होता. शेजारी इलियास, हात झोळीत. मुनीरनं मान खाली घालून डोळे पुसले.

सबनीसबाईंनी सील उघडायची परवानगी मागितली. भिंतीवर नोंद दिसली. वर बातमीची वाक्यं, एकेक शब्द, आणि खाली रेघ. विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ, एक वयस्कर गृहस्थ, काठीनं दाखवत सांगू लागले.

"हा 'शिकलगार' शब्द. इथं ही उंच लाट दिसते. ही ओळखीची. म्हणजे नाव त्यांना चांगलंच परिचयाचं आहे. हा फोटो. इथं दुःखाची, दचकण्याची लाट. आणि हे वाक्य, 'दूषित पाणी विकल्याचा संशय'. इथं ज्या जागी अविश्वासाची लाट यायला हवी, ती जागा ही."

रेघ सपाट होती.

"म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शंका उमटली नाही, साहेब. वाक्य सरळ वाचलं गेलं. अपेक्षित असल्यासारखं."

कांबळे चटकन उठले. "साहेब, दिवसाला शेकडो बातम्या वाचून मेंदू थकतो. थकलेल्या मेंदूला कसली ठेच लागणार? हा दोष कंपनीच्या कामाच्या पद्धतीचा आहे."

"तेच तपासायला हवं," सबनीसबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी, याच्यानंतर लगेच साक्षीदारानं दुसरी बातमी वाचली होती. तीही खाण्यापिण्यातल्या भेसळीची. तीही गावातल्याच धंद्याची. ती दाखवायची परवानगी असावी."

दुसरी नोंद आली. बातमी हसबनीस डेअरीची होती. पनीरमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश सापडल्याची. हसबनीसांना उज्ज्वला ओळखत नव्हती. कधी दुकानात गेली असेल तेवढंच. 'हसबनीस' या शब्दावर ओळखीची लाट जेमतेम होती. पुढच्या वाक्यावर मात्र रेघ डोंगरासारखी वर गेली होती. तांबडी खूण. 'खातरजमेसाठी परत.'

"ती बातमी पुढं खरी निघाली," सबनीसबाई म्हणाल्या. "तो मुद्दा आजचा नाही. मला इतकंच दाखवायचं होतं, की साक्षीदार थकलेल्या नव्हत्या. शंका घ्यायची त्यांची शक्ती शाबूत होती. मला आणखी काही विचारायचं नाही."

त्यांनी याहून एक शब्द जास्त उच्चारला नाही. न्यायाधीशांनीही पुढं विचारलं नाही. कोर्टात पंखे फिरत होते आणि सगळे त्या दोन रेघांकडं बघत होते. उज्ज्वला पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मी तशी नाही. पण रेघ तिचीच होती. तिनं मागच्या बाकाकडं पाहिलं. इलियास तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल अजिबात नव्हतं. मुनीर भिंतीकडं बघत होता. शाळेत पाटीवरचं अक्षर लावावं तसा, पुन्हा पुन्हा.

निकाल लागला. कंपनीनं कायद्यानं घालून दिलेलं कर्तव्य पुरेपूर पार पाडलं होतं. जाणता माणूस नेमला होता, यंत्राकडून चूक होऊ शकते हे मान्य करूनच नेमला होता, आणि शंका घेण्याचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. यंत्रानं आकडे मांडले, विश्वास ठेवला तो माणसानं. सबब कंपनी निर्दोष. उज्ज्वला मगदूम यांचा परवाना रद्द, आणि बातमीखाली नाव त्यांचं, म्हणून शिकलगार यांना नुकसानभरपाई त्यांनी व्यक्तिशः द्यावी. दुसऱ्या दिवशी 'पहाटवारा'च्या पहिल्या पानावर निकालाची बातमी होती. खाली नव्या साक्षीचं नाव होतं.

श्रीधर तिला समजावत राहिला. "अगं, मशीन ते. कुणाचीही रेघ अशीच आली असती. खरं सांगू? मलाही पहिल्यांदा वाटलंच होतं, की केलं असेल काहीतरी. म्हणून मी काय वाईट माणूस आहे?"

त्यानं ताट पुढं ओढलं आणि आमटी वाढून घेतली.

मुनीर गाव सोडतोय हे तिला कळलं तेव्हा ती प्लँटवर गेली. भंगारवाला फुटक्या टाक्या उचलून गाडीत टाकत होता. मुनीर पाण्याच्या एका मोटारीचे नट सोडवत होता. मेहुण्याच्या गावी यंत्रमागावर काम मिळणार होतं म्हणे. पन्नाशीत पुन्हा मजुरी.

"मुनीरभाई, मी घर गहाण टाकून पैसे देते," ती म्हणाली. "कोर्टानं सांगितलंय आणि मला द्यायचेच आहेत."

"नको, ताई."

"म्हणजे तुम्ही मला माफ..."

"माफीचं नाही हो ते." त्यानं पाना खाली ठेवला. "पैसं घेतलं की फिटलं म्हणत्यात. मला ते फिटवायचं नाही."

तो हात पुसत शांतपणे बोलला. "मशीनचा राग येतच नाही, ताई. ज्यांनी टेम्पो जाळला त्यांचाबी एवढा नाही. ते मला कुठं ओळखत होते? पण त्या साहेबानं काठीनं दाखवलं, की हितं नाव ओळखलं. ती केवढी उंच होती हो लाट. मी म्हटलं, बघा, ताईंनी ओळखलं. आणि पुढं रेघ सपाट." त्यानं पाना पुन्हा उचलला. "मी इलियासला भांडलोय तुमच्यासाठी. त्यो म्हणायचा, समदी सारखीच. मी त्याला थोबाडीत मारली होती."

भंगारवाल्यानं हाक मारली तसा तो उठला, मोटार उचलून गाडीत टाकायला गेला, आणि परत फिरून तिच्याकडं आला नाही.

बोरगुंडीत उज्ज्वलाला कुणी वाळीत टाकलं नाही. उलट सगळे चांगले वागले. दुकानदार आपणहून बोलायचे, जुन्या मैत्रिणी घरी येऊन बसायच्या. एकदा मंडईत शेजारच्या बिरनाळेकाकू भेटल्या. मेथीच्या जुड्या चाळता चाळता त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"बाई, तुझ्यावर मात्र फार अन्याय झाला हो," त्या कळवळून म्हणाल्या. "इतक्या वर्षांची नोकरी. त्या पाणीवाल्यापायी घालवलीस."

"काकू, त्याचं पाणी चांगलं होतं," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला तशी भाजीवालीनं मान वर करून पाहिलं. "तपासलं होतं. अगदी स्वच्छ होतं. फुकट वाटत होता तो, आजारी माणसांना!"

"असेल की, मी कुठं नाही म्हणते?" काकूंनी एक जुडी निवडून पिशवीत टाकली. "पण काहीतरी असल्याशिवाय का पेपरात येतंय?"